उष्ट्याचं वजन

शिकल्यासवरल्या माणसानं दुसऱ्याच्या उष्ट्याकडे आशेनं बघू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. त्या रविवारी मी कात्रपमधल्या आमच्या सोसायटीच्या मांडवात उभा राहून दीडेकशे ताटांकडे त्याच नजरेनं बघत होतो. लोकांनी टाकावं, भरपूर टाकावं, अगदीच नाही तर अर्धी पुरी तरी टाकावी, अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो. समोर सत्यनारायण मांडलेला होता, पण असलं मागणं त्याच्याकडे मागायची हिंमत होईना, म्हणून मी ती प्रार्थना मोघमच ठेवली होती.

मी आहारशास्त्राचा विद्यार्थी आहे. हे वाक्य मी जिथं जिथं उच्चारतो तिथं पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तू आचारी होणार?" जरा सहानुभूती असलेली माणसं विचारतात, "मग पोट उतरायला काय खावं रे?" आणि उत्तर ऐकायच्या आत वडापाव मागवतात. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, आमच्या वर्गात मी एकटाच मुलगा. त्यामुळे सिलिंडर हलवणे आणि गरम पातेली उतरवणे हे दोन विषय मला जादा आहेत.

आमचे बाबा, हेमचंद्र, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत प्रॉडक्शन ऑफिसर आहेत. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत थोडक्यात असं: "लोकांनी काय खावं हे सांगायला तुझी आई आहे. फुकट सांगते." त्यांनी कंपनीच्या डिस्पॅच खात्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आमच्यात तह झाला होता. माझा शेवटचा प्रकल्प मंजूर झाला, तर एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये ट्रेनी डाएटिशियनची जागा मला मिळणार होती आणि बाबा गप्प बसणार होते. नाही झाला, तर मी डिस्पॅचला जाऊन ड्रम मोजणार होतो आणि मी गप्प बसणार होतो.

प्रकल्प होता सामुदायिक जेवणातलं उष्टं तोलण्याचा. हॉस्पिटल असो, हॉस्टेल असो की कंपनीचं कँटीन, जेवण कसं झालं हे लोकांना विचारायचं नसतं. लोक तोंडावर "छान" म्हणतात. त्यांनी ताटात काय टाकलं ते तोलायचं असतं. "ताट खोटं बोलत नाही," असं आमच्या गाइड पद्मजा मॅडम पहिल्याच लेक्चरला म्हणाल्या होत्या. मॅडम कात्रपला राहत नाहीत.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला दर वर्षी सत्यनारायण आणि जेवण असतं. मला आयतंच मिळालं, असं मला वाटलं. मी सेक्रेटरी देवदत्तकाकांकडे परवानगी मागायला गेलो.

"उष्टं तोलणार?" काकांनी पेपर खाली ठेवला. "कोणाचं?"

"सगळ्यांचं, काका."

"माझंपण?"

"नंबर घालून. नाव कुठेही येणार नाही."

"अरे पण उष्टं ते उष्टंच ना? नंबर घातल्यानं काय सोवळं होतंय?" काकांनी पेपर पुन्हा उचलला. "ठराव लागेल."

कमिटीच्या मीटिंगमध्ये 'सभासदांच्या उष्ट्याच्या वजनाबाबत' हा विषय पाण्याच्या टाकीच्या सफाईनंतर आणि आयत्या वेळच्या विषयांच्या आधी घेण्यात आला. टाकीचा विषय दोन मिनिटांत संपला. माझा चहाची दुसरी फेरी होईपर्यंत चालला. शेवटी 'सोसायटीला कोणताही खर्च येणार नाही' या अटीवर तो मंजूर झाला.

मग कॉलेजच्या एथिक्स कमिटीनं कळवलं की ज्याचं उष्टं तोलायचं त्याची लेखी संमती हवी. मी दारोदार फिरलो. सही म्हटल्यावर आमच्याकडे माणूस आधी दार अर्धं लोटतो. "हे रिडेव्हलपमेंटचं तर नाही ना?" बिल्डिंगला उणीपुरी बारा वर्षं झालीत, ती अजून धड गळायलाही लागलेली नाही. तरी बी-विंगच्या चौथ्या मजल्यावरच्या मिलिंदनं कागद दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढून त्याच्या वकील मित्राला पाठवला, आणि मित्राचं उत्तर आल्यावर मग सही केली. तो आयटीत आहे. मित्र काय म्हणाला ते त्यानं सांगितलं नाही, पण सही करताना तो माझ्याकडे जरा करुणेनं बघत होता.

प्रकल्पाचा आणखी एक भाग होता लेबलांचा. प्रत्येक पदार्थापुढे लेबल लावायचं: शाकाहाराचा हिरवा ठिपका, ऊर्जा, कोणाला बाधतील असे घटक, आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं. जे जास्त ते आधी, असा नियमच आहे. पुऱ्यांचं लेबल झालं, जिलबीचं झालं. प्रसादाच्या शिऱ्यापाशी नियम अडकला. सत्यनारायणाच्या शिऱ्यात सव्वा किलो रवा, सव्वा किलो तूप, सव्वा किलो साखर. उतरता क्रम कुठून लावायचा? मी मॅडमना फोन केला. मॅडमनी तिन्ही आकडे माझ्याकडून पुन्हा वदवून घेतले. मग मॅडम म्हणाल्या, "अकारविल्हे लाव." भटजींनी लेबल वाचलं, 'दूध व गहू यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी काळजी घ्यावी' या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "प्रसादाला?" मी लेबल जरा केळीच्या खांबाआड सरकवलं.

राहता राहिला काटा. कॉलेजचा काटा मुलींच्या प्रकल्पांना आधीच गेला होता. मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या ओळखीच्या काटेवाल्या शेठकडे गेलो. शेठनं माळ्यावरून एक खोकं काढलं.

"ले जा साईं, एक दिन के लिए भाड़ा क्या लेना. नया माल है. बोलता भी है."

"बोलतो म्हणजे?"

"वज़न बोलता है. तू लिखना भूल गया तो ये नहीं भूलेगा."

मला ती सोय वाटली. घरी येऊन बघतो, तर आवाज कमी करायचं बटण नावापुरतं होतं. दाबलं की काटा "धन्यवाद" म्हणायचा, आणि तेही त्याच आवाजात. दुसरा काटा आणायला वेळ नव्हता. मांडवात गोंगाट असतोच, कोणाला ऐकू जाणार आहे, असा विचार मी केला. माझ्या आयुष्यातले बरेचसे निर्णय मी याच पद्धतीनं घेतले आहेत.

रविवारी पद्मजा मॅडम वेळेवर आल्या. त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली, सरबत दिलं. शिजवलेलं सगळं अन्न मी त्यांच्यासमोर तोलून घेतलं. केटररनं पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि जिलबी आणली होती. आणि दोन स्टीलच्या बादल्या भरून आईची पडवळाची भाजी होती.

या भाजीबद्दल सांगायला हवं. सोसायटीच्या पहिल्या वर्षी केटररनं ऐन वेळी एक भाजी कमी आणली, तेव्हा आईनं, म्हणजे उमाताईंनी, घरातलं पडवळ चणाडाळ घालून शिजवून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी कोणीतरी शिष्टाचार म्हणून म्हणालं, "यंदा पडवळ नाही का?" तेव्हापासून ती प्रथा आहे. आईला त्या भाजीचा फार अभिमान. पुरावा काय, तर दोन्ही बादल्या दर वर्षी रिकाम्या परत येतात. "केटररचं सगळं उरतं," आई सांगते, "माझ्या बादलीला बोट लावायलाही काही शिल्लक नसतं."

पंगत बसली. मी मोरीजवळ टेबल टाकून काट्यापाशी उभा राहिलो. पहिला उठला मिलिंद. त्याला कुठलातरी कॉल होता. त्यानं ताट काट्यावर ठेवलं. ताटाचं वजन मी आधीच वजा करून ठेवलं होतं. ताटात अडीच पुऱ्या, भाताचा डोंगर, आणि एका कडेला पडवळ.

"दो सौ चालीस ग्राम," काटा म्हणाला. "धन्यवाद."

मांडवात गोंगाट असतो हा माझा अंदाज बरोबर होता. फक्त त्या क्षणी नव्हता. कॉल सेंटरच्या बाईसारखा तो स्वच्छ आवाज पार देवाच्या चौरंगापर्यंत गेला. दीडशे माणसं घास हातात धरून थांबली.

"अगंबाई," कोणीतरी म्हणालं, "दोनशे चाळीस. पाव किलोच म्हण ना."

"आमच्याकडे नाही हो असं कोणी टाकत," मिलिंदची आई सगळ्या पंगतीला उद्देशून म्हणाली. "लहानपणी ताट चाटायचा. हे आयटीत गेल्यापासून."

मिलिंद लाल झाला. त्यानं काट्यावरचं ताट परत उचललं आणि तिथंच, माझ्यासमोर उभ्यानं, सगळं संपवलं. पडवळसुद्धा. मग ताट पुन्हा काट्यावर ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"शून्य ग्राम. धन्यवाद."

डेटा परत मागून घेऊन खाल्ल्याची संशोधनाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ असावी.

त्यानंतर शून्याखेरीज काही आलंच नाही. आपल्याला कोणी बघतंय हे कळलं की माणूस वेगळा वागतो, असं आमच्या पुस्तकात आहे. त्याला अर्धं पान दिलंय. लिहिणाऱ्यानं बोलणारा काटा पाहिलेला नसणार. शून्य ग्राम धन्यवाद, शून्य ग्राम धन्यवाद, असा जप सुरू झाला. दर शून्याला टाळ्या पडू लागल्या. देवदत्तकाकांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं, "ए-विंगचं उष्टं अद्याप निरंक आहे. बी-विंगच्या सभासदांनी नोंद घ्यावी." हा टोमणा बी-विंगला लागला. तिकडच्या बायका लहान मुलांच्या ताटांवर तुटून पडल्या. काकांनी ए-विंगच्या अब्रूसाठी बायकोचं, सुनेचं आणि एका पाहुण्याचं ताट स्वतः संपवलं, आणि मग ते कठड्याला धरून खाली बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. कोणी म्हणालं सोडा आणा, कोणी म्हणालं रिक्षा आणा. काका डोळे मिटून एवढंच म्हणाले, "आधी बी-विंगचं किती झालं ते सांगा."

मी मॅडमकडे बघत नव्हतो. बघायची गरजही नव्हती, त्या माझ्याकडे बघत होत्या हे मला पाठीला कळत होतं.

शेवटचं ताट गेल्यावर मॅडमनी मला जवळ बोलावलं. शिजवलेलं किती, भांड्यात उरलेलं किती, ताटात टाकलेलं किती. त्यांनी वजाबाकी करून माणसांच्या संख्येनं भागलं.

"उन्मेष, माणशी पावणेदोन किलो."

"लोकांना भूक होती, मॅडम. आरतीला उशीर झाला."

"यात ते बाळ धरलंयस?" त्यांनी बी-विंगच्या एका बाईच्या मांडीवर झोपलेल्या तान्ह्या बाळाकडे पेन रोखलं.

"त्याच्या नावानं एक ताट घेतलं होतं, मॅडम."

"त्या बाळानं पावणेदोन किलो जेवण केलं."

मी बाळाकडे बघितलं. ते समाधानानं झोपलेलं दिसत होतं, पण तो काही पुरावा नव्हता.

"हे अन्न लोकांच्या पोटात गेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "लपवलंय. कुठे, ते तू शोधायचंस. मी चिखलोलीला बहिणीकडे जाऊन येते, सातला परत येईन. उद्या सकाळी मला मार्क भरायचेत. हा शून्य मी प्रकल्पात भरणार नाही. भरलाच तर तुझ्या मार्कांच्या रकान्यात भरीन."

मॅडमची रिक्षा गेली. मागे बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता ते डिस्पॅचचा विषय काढणार, म्हणून मी मान खाली घातली.

"आत जितकं जातं तितकं बाहेर आलं पाहिजे," बाबा म्हणाले. "हा मटेरियल बॅलन्स आहे."

"काय?"

"तुम्ही हे कॉलेजात शिकता? मला कधी बोलला नाहीस." त्यांचा चेहरा शिफ्ट बदलताना असतो तसा झाला होता. "आमच्याकडे एवढा माल गायब झाला तर सायरन वाजतो. कुठेतरी लिकेज आहे. चल."

माझ्या शिक्षणात बाबांनी रस घेतल्याचा तो पहिला प्रसंग. टॉर्च घेऊन आम्ही मांडव तपासला. आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांत वाळूखाली जिलब्या सापडल्या. मनी प्लांटच्या कुंडीत मसालेभात होता, वर माती नीट सारखी केलेली. मांडवाच्या कापडाच्या घडीत पुऱ्या खोचल्या होत्या, त्या तळलेल्या असल्यामुळे कापडावर एका ओळीत गोल डाग पडले होते आणि लांबून ती नक्षी वाटत होती. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. बाकीचा माल घरोघर गेला होता, पर्समधून, रुमालातून, आणि एका ठिकाणी, असं नंतर कळलं, हार्मोनियमच्या पेटीतून.

"घरी जाऊन मागितलं तर कोणी देणार नाही," बाबा म्हणाले. "माणसाला वाट द्यावी लागते." त्यांनी माईक घेतला. "सर्व सभासदांनी लक्ष द्यावं. मीटर रूममध्ये एक ड्रम ठेवलेला आहे. तिथला दिवा काढलेला आहे. ज्यांच्याकडे चुकून काही राहिलं असेल त्यांनी एकेकट्यानं आत जाऊन ते टाकावं. कोणावरही कारवाई होणार नाही."

दहा मिनिटं काहीच झालं नाही. मला डिस्पॅचचे ड्रम दिसू लागले. मग मिलिंदची आई पर्स घट्ट धरून उतरली आणि कोणी न विचारता म्हणाली, "लाइट बिल जास्त आलंय, रीडिंग बघून येते." त्यानंतर सगळ्या सोसायटीला आपापल्या मीटरचं रीडिंग बघायची निकड भासली. मीटर रूमबाहेर रांग लागली. कोणी कोणाच्या पिशवीकडे बघत नव्हतं. जो तो विजेच्या दरवाढीवर बोलत होता. काळोखातून मधूनच काहीतरी ओलं पडल्याचा आवाज यायचा आणि रांगेतली माणसं खोकायची.

बिनधास्त आल्या त्या एकट्या रखमाबाई. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर आहे ती त्यांच्या घरची. आता त्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, पण कंपाउंडच्या भिंतीपलीकडे दोन म्हशींचा गोठा त्यांनी सोडलेला नाही.

"काय रं, काळोखान कशाला टाकाचा?" त्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मना दात नाय, पुऱ्या चावत नाय. पदरान बांधून नेल्या नि म्हशींना घातल्या. लिव तसा."

मी लिहिलं. रांगेनं त्यांच्याकडे हेव्यानं बघितलं.

बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच प्रश्न विचारत होतो, कोणता पदार्थ किती वेळा वाढून घेतला. पोटात किती गेलं याचा तेवढाच आधार होता, आणि ड्रम हलका करून आलेला माणूस खरं बोलतो असं मला आढळलं. पडवळाबाबत सगळ्यांचं उत्तर सारखं होतं.

"एकदाच."

"पुन्हा नाही घेतली?"

"दुसरी फेरी आलीच नाही," मिलिंद म्हणाला. मग इकडेतिकडे बघून हळूच, "देवाची कृपा."

हातमोजे घालून मी ड्रम उपसला आणि पदार्थ वेगळे केले. ते काम कसं होतं हे मी सांगणार नाही, तुम्हीही जेवणारी माणसं आहात. काटा मीटर रूममधून बोलत राहिला आणि धन्यवाद देत राहिला. पुऱ्या बसल्या. भात बसला. जिलबी थोडी कमी पडली, पण जिलबीचा पाक कशालाही चिकटतो, ते बाबांनी 'हँडलिंग लॉस' म्हणून सोडून दिलं. माणशी आकडा माणसात आला. देवदत्तकाकाही सोडा पिऊन उठून बसले.

राहिली पडवळाची भाजी. दोन बादल्या भरून निघालेली. प्रत्येकाला एकदा वाढली, एक एक पळी, म्हणजे पहिली बादली संपली. खाल्लेली आणि टाकलेली मिळून तिचा हिशोब लागत होता. त्यातली टाकलेलीच जास्त होती, पण ते मी आईला ऐकू जाईल असं बोललो नाही. प्रश्न दुसऱ्या बादलीचा होता. ती भरलेली निघाली आणि घासूनपुसून रिकामी परत आली. मधे ती कोणाच्याच ताटावर गेली नव्हती.

"बाबा, दुसरी बादली कोण फिरवत होतं?"

"बघावं लागेल," बाबा म्हणाले आणि टॉर्च घेऊन गटाराची जाळी तपासायला गेले. ती ते तिसऱ्यांदा तपासत होते.

सातला पद्मजा मॅडम आल्या. त्यांनी कागद घेतला, ओळीनं टिकमार्क करत खाली आल्या आणि शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"पडवळ?"

"बसत नाही, मॅडम. एक बादली कमी आहे."

"अहो, कमी काय," आई पुढे झाली. तिच्या हातात मॅडमसाठी चहा होता. "लोकांनी खाल्ली ती. आवडते सगळ्यांना. दर वर्षी दोन्ही बादल्या संपतात, विचारा कोणालाही."

मॅडमनी कोणालाही विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं. "तुझ्या नोंदीत सगळ्यांनी एकदाच घेतलीय. आई म्हणतात संपली. तू काय लिहितोस?"

आईचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. 'खाल्ली' असं लिहिलं तर माझ्याच नोंदी खोट्या पडत होत्या आणि प्रकल्प बुडत होता. 'गहाळ' लिहिलं तरी बुडत होता, कारण एक बादली भाजी गहाळ करणाऱ्याला हॉस्पिटलच्या किचनमध्ये कोणी उभं करत नाही. मॅडमनी वाट पाहिली, आणि मग सावकाश पेनाला टोपण लावलं.

"तो काटा घे," मागून बाबा म्हणाले. "आणि जरा माझ्याबरोबर चला सगळे."

त्यांनी टॉर्च बंद केला होता. आम्ही त्यांच्या मागून मागच्या फाटकातून बाहेर पडलो, मी काटा घेऊन, मॅडम साडी सावरत, आई चहाचा कप तसाच हातात धरून. बाबा भिंतीला वळसा घालून थेट रखमाबाईंच्या गोठ्यापाशी थांबले. दगडी गव्हाणीत एका बाजूला पेंढा होता, तो निम्मा खाल्लेला. दुसऱ्या बाजूला बादलीभर पडवळाची भाजी होती. तिला कोणी तोंडही लावलेलं नव्हतं. म्हशींनी ती नाकानं ढकलून कोपऱ्यात लोटली होती.

"दर वरसाला आणतंय तुझा बापूस," म्हशीजवळ बसलेल्या रखमाबाई मला म्हणाल्या. "मी सांगते, नको आणू. जनावरा शिवत नाय त्याला. उकिरड्यावं मनाच टाकाया लागते."

मी गव्हाणीतली भाजी बादलीत भरली आणि काट्यावर ठेवली. काट्यानं वजन सांगितलं आणि धन्यवाद दिले. मॅडमनी मोबाइलच्या उजेडात आकडा ताडून पाहिला. बसला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, कागद माझ्या पाठीवर ठेवला आणि सही केली. त्या सहीचा दाब मला अजून आठवतो.

"तू दोन बादल्या केल्यास त्या पहिल्या वर्षी एक उरली होती," बाबा गव्हाणीकडे बघत म्हणाले. "तेव्हा तू दोन दिवस कोणाशी बोलली नाहीस."

आईनं त्यांच्याकडे बघितलं, मग बादलीकडे.

"आणि बादली कोण घासायचं?"

"मीच. तिथं नळावर."

"दर वर्षी?"

"हो."

"घरात स्वतःचा कप विसळला नाहीत कधी," आई म्हणाली, आणि मॅडमचा चहा स्वतःच पिऊन टाकला.

मॅडम रिक्षात बसेपर्यंत बाबा फाटकाशी उभे होते. मग त्यांनी कंपनीतल्या कोणालातरी फोन लावला. "त्या डिस्पॅचच्या जागेचं राहू दे," ते म्हणाले. "मुलगा दुसरीकडे लागतोय. नाही नाही, आचारी नाही. बॅलन्स बघतो तो."

रात्री जेवायला आम्ही तिघंच होतो. दिवसभरानंतर मला अन्नाकडे बघवत नव्हतं. मांडवात जाण्याआधी आईनं घरच्यासाठी वाटीभर पडवळाची भाजी बाजूला काढून ठेवली होती, ती तिनं गरम केली आणि त्यातली पळीभर बाबांच्या ताटात वाढली. बाबा खाली मान घालून जेवत होते. त्यांनी ती सगळ्यात आधी संपवली. आईनं पळी उचलली आणि नुसती हवेत धरून ठेवली.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. मग ताट पुढे सरकवलं.

"वाढ," म्हणाले.